नव्या पत्र्यावर गंज चढवायचा, पण हाताला लागू द्यायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या नव्या बंगल्याच्या दर्शनी भिंतीसाठी ६ फूट बाय ४ फुटांची लेझर कटिंगची जाळी करून घेतली आहे, २ मिमी सीआर शीटची (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला पोलादी पत्रा). तिला गंजलेला, विटकरी-तपकिरी रंग हवा आहे. व्हिनेगर आणि मीठ मारून ती रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवली. सकाळी बघितलं तर कुठे भडक केशरी ठिगळं, कुठे कोरा पत्रा, आणि बोट फिरवलं की भुकटी हातावर. फॅब्रिकेटर म्हणतो, वरून क्लिअर पीयू (पॉलियुरेथेनचं पारदर्शक कोटिंग) मारून टाकू, सगळं धरून बसेल. मारावं का?

नका मारू. ती भुकटी म्हणजे पत्र्याला न धरलेला गंज. त्यावर पीयू मारला तर तो भुकटीला चिकटेल, पत्र्याला नाही, आणि काही महिन्यांत पापुद्रे सुटायला लागतील. जाळी मात्र वाया गेलेली नाही. घासून, धुऊन पुन्हा सुरुवात करता येते. चार-पाच दिवस हाताशी ठेवा.

पुण्यात माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. ग्रील-गेटच्या कामांबरोबर हे गंजाचं फिनिश मी बरीच वर्षं करतोय, आणि सुरुवातीला तुमच्यासारखाच पत्रा भिजत ठेवायचो. गंज धरायला पाणी लागतं हे खरं, पण तो पत्र्याला घट्ट बसतो तो वाळताना. पातळ फवारा, पूर्ण वाळवण, पुन्हा पातळ फवारा, अशा फेऱ्या झाल्या की थरावर थर बसतो. रात्रभर ओलं ठेवलं की वर सैल, फुगलेला गंज तयार होतो आणि तोच हाताला लागतो. गोणपाटाने तुमचं काम तिथेच बिघडवलं.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण बहुतेक जण फोटो घेऊन येतात तो कॉर्टेन स्टीलचा असतो. कॉर्टेन हे अमेरिकेतल्या यू. एस. स्टील कंपनीने १९३३ साली बाजारात आणलेलं पोलाद. त्यात तांबं, क्रोमियम, फॉस्फरस अशा गोष्टी थोड्या प्रमाणात असतात, त्यामुळे त्यावरचा गंज दाट बसतो आणि आतल्या धातूचं झिजणं फार मंद होतं. इमारतींमध्ये त्याला मान मिळवून दिला तो वास्तुरचनाकार ईरो सारिनेन यांनी, इलिनॉयमधल्या जॉन डिअर कंपनीच्या मुख्यालयात. ती इमारत १९६४ साली पूर्ण झाली. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यांना याच जातीचं पोलाद वापरलं गेलं, पण वरून रंग असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही. दिल्लीत मेहरौलीचा लोहस्तंभ इतकी शतकं टिकला त्यामागेही फॉस्फरस हे मोठं कारण असल्याचं आयआयटी कानपूरच्या प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनातून पुढे आलं.

तुमची जाळी साध्या एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची आहे. तिच्यात हे काही नाही. तिच्यावर आपण जो गंज चढवू तो दिसायला कॉर्टेनसारखा दिसेल, पण तो स्वतःहून थांबणार नाही. त्याला थांबवून धरायचं काम सीलरचं, म्हणजे वरून मारायच्या संरक्षक थराचं, आणि तो सीलर ठरावीक काळाने पुन्हा मारावाच लागतो. हे मान्य असेल तरच पुढे जा. मान्य नसेल तर हाच रंग पावडर कोटिंगमध्ये मिळतो. दुरून चांगला दिसतो, जवळून मात्र रंगच वाटतो. आणि खरं कॉर्टेन सगळीकडे चालतं असंही नाही. त्यालाही आलटून पालटून ओलं आणि कोरडं हवामान लागतं. अटलांटा शहरात १९७२ साली ओम्नी नावाचं क्रीडागृह या पोलादात बांधलं होतं. तिथल्या दमट हवेत गंज थांबलाच नाही, पत्र्याला भोकं पडली. १९९७ साली ते पाडलं. म्हणून अलिबाग, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यालगत कोणी मला गंजाचं फिनिश बाहेरच्या भिंतीवर मागितलं तर मी ते काम घेत नाही. खारी हवा सीलरच्या प्रत्येक बारीक फटीतून आत शिरते. नाशिकची हवा त्या मानाने चांगली, तिथे हे जमतं.

आता काम. सगळ्यात जास्त वेळ सफाईवर घालवा.

सीआर शीट गिरणीतून येते तेव्हा तिच्यावर तेलाचा पातळ थर असतो, मुद्दामच, वाटेत गंजू नये म्हणून. डोळ्यांना तो दिसत नाही. तुमच्या जाळीवर जिथे गंज धरलाच नाही ते भाग बघा, तिथे बहुतेक तेल राहिलंय किंवा कोणाचे हात लागलेत. एका कामात माझ्या पत्र्यावर पाच बोटांचा अख्खा पंजा उमटला होता, कोपऱ्यात, जिथून मुलाने शीट उचलली तिथे. चारी बाजूंनी सुंदर गंज आणि मध्ये चकचकीत पंजा. तो काढायला पूर्ण शीट पुन्हा घासावी लागली. तेव्हापासून माझ्याकडे सफाईनंतर पत्र्याला उघडा हात लावायचा नाही, रबरी हातमोजे घालूनच.

आधी सैल गंज काथ्याच्या ब्रशने किंवा नायलॉनच्या घासणीने काढा. मग भांड्यांच्या साबणाने गरम पाण्यात घासून धुवा आणि वाळल्यावर स्वच्छ फडक्याने थिनर फिरवा. फडकं बदलत राहा, नाहीतर एकीकडचं तेल दुसरीकडे पसरतं. त्यानंतर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल गोल घासा. ऑर्बिटल सँडर असेल तर उत्तम. एकाच दिशेने सरळ घासलं तर त्या रेघा गंजातूनही दिसतात. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून काम उरकायचा मोह होतो, पण डिस्कचे चंद्रकोरीसारखे ओरखडे पडतात आणि गंज नेमका त्यातच आधी धरतो.

तुमच्या जाळीत आणखी एक जागा आहे जी सगळे विसरतात, ती म्हणजे कटिंगची कड. लेझरने ऑक्सिजन वापरून कापलं असेल तर कडेवर काळपट, काचेसारखी कडक साल राहते. गंज तिच्यावर नीट धरत नाही, धरला तरी सालीसकट गळून पडतो. नायट्रोजनने कापलं असेल तर कड पांढरी, स्वच्छ असते. काळी असेल तर कानस किंवा पॉलिश पेपरची पट्टी घेऊन प्रत्येक फुली-पाकळीच्या आतून फिरवा. फार कंटाळवाणं काम आहे, पण लोक जाळी समोरून जेवढी बघतात तेवढ्याच तिच्या कडा बघतात. (सीआरऐवजी एचआर, म्हणजे गरम लाटलेली शीट असती तर हीच निळसर-काळी साल पूर्ण पत्र्यावर असती. मग व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवणं किंवा सँड ब्लास्टिंग, दुसरा मार्ग नाही. आणि जीआय (गॅल्व्हनाइज्ड) पत्रा आणून देऊ नका, त्यावर जस्त असतं, तो या पद्धतीने तांबडा होत नाही.)

सफाई झाली की नाही याची परीक्षा सोपी आहे. पत्र्यावर स्वच्छ पाणी ओता. पाण्याची सलग चादर पसरली तर पत्रा तयार. पाणी तुटून थेंब थेंब झालं, कमळाच्या पानावर होतं तसं, तर अजून तेल आहे, पुन्हा साबण. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय मी पुढचं काही करत नाही.

मग नुसतं व्हिनेगर. किराणा दुकानात मिळतं ते पांढरं सिंथेटिक व्हिनेगर चालेल. प्लॅस्टिकच्या फवारणीच्या बाटलीतून बारीक फवारा, वाळू द्या, असं दोन-तीन वेळा. यात रंग फारसा येत नाही, पत्रा थोडा निस्तेज, करडा होतो. आम्ल पृष्ठभाग किंचित खरवडतं आणि गंजाला पाय रोवायला जागा मिळते. हे टाळून थेट पुढे गेलात तर पहिला रंग लवकर येतो पण धरत नाही.

खरं द्रावण यानंतरचं. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड अर्धा लिटर, त्यात व्हिनेगर ६० मिली आणि साधं मीठ दीड चहाचा चमचा. आपल्याकडे औषधाच्या दुकानात जी बाटली मिळते तिच्यावर बऱ्याचदा २० व्हॉल्यूम किंवा ६ टक्के लिहिलेलं असतं. तेवढंच पाणी मिसळलं की ती ३ टक्के होते. कारखान्यांत वापरतात ते ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड कोणी स्वस्तात देतो म्हणून आणू नका, त्याने कातडी भाजते. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. काम उघड्यावर करा. आणि व्हिडिओत काही जण व्हिनेगरबरोबर कपड्यांचं ब्लीच वापरताना दाखवतात ते अजिबात करू नका, त्यातून क्लोरिन वायू निघतो.

जाळी दोन स्टुलांवर आडवी ठेवा, उभी केली की ओघळ येतात आणि ते ओघळ कायमचे राहतात. ऊन हवं. सकाळी अकराच्या सुमारास पत्रा हाताला चांगला गरम लागायला लागला की पहिला फवारा मारा, हात दीड-दोन फूट वर ठेवून, धुकं पडल्यासारखा. पत्रा लगेच फसफसतो. जवळ वाकून बघितलं तर बारीक फेसाखाली करडा रंग आधी पिवळसर होतो, मग थेंबांच्या कडांवरून केशरी पसरत आत येतो, आणि ओल्या लोखंडाचा तो ओळखीचा वास येतो. हे सगळं मिनिटाभरात. इतकी वर्षं झाली तरी या मिनिटाला मी हातातलं काम सोडून बघत उभा राहतो. इथेच लोक चुकतात. रंग येताना बघून हात थांबत नाही, आणखी मारतात, मग पाणी साचतं. साचलं तर टिश्यू पेपरने टिपून घ्या, पुसू नका.

पूर्ण कोरडं झाल्यावरच पुढचा फवारा. उन्हात वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. अशा पाच-सहा फेऱ्या. प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर कोरड्या, मऊ ब्रशने हलक्या हाताने सैल भुकटी झाडून काढा. रंग थोडा कमी झालेला दिसेल, घाबरू नका, उरलाय तो धरलेला आहे. मग जाळी उलटी करून मागची बाजू आणि कडा.

पहिल्या दिवशीचा रंग भडक केशरी असतो आणि सगळ्यांना वाटतं, हे फारच झालं. तो तसा राहत नाही. नव्या गंजातलं केशरी संयुग हळूहळू जास्त स्थिर, तपकिरी रूपात बदलतं. पुढचे दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ नुसत्या साध्या पाण्याचा फवारा मारून वाळवत राहिलात की रंग खाली उतरतो, विटकरीकडे जातो. आणखी गडद, चॉकलेटी झाक हवी असेल तर मोरचुदाचं अगदी पातळ पाणी एकदा फवारा. नाशिकमध्ये ते शोधावं लागणार नाही, द्राक्षबागांच्या बोर्डो मिश्रणासाठी कृषी केंद्रात मिळतंच. लोखंडावर तांब्याचा सूक्ष्म थर बसतो आणि त्या ठिकाणी गंज वेगाने, गडद धरतो. मात्र हे पाणी विहिरीत, हौदात किंवा माशांच्या टाकीकडे जाऊ देऊ नका, जलचरांना ते घातक आहे. एकसारखा रंग नको, जुन्या वाड्याच्या फाटकासारखा चट्ट्यापट्ट्यांचा पोत हवा असेल तर दोन फेऱ्यांमध्ये ओलसर लाकडाचा भुसा विस्कटून टाका आणि वाळल्यावर झाडा. तुमचं गोणपाटही यासाठी चांगलं, पण अर्ध्या तासासाठी.

आता ज्या पायरीसाठी मी हे सगळं एवढं लांबवलं ती. मीठ काढा.

मिठाने काम झटपट होतं, पण गंजाच्या थरात ते अडकून राहतं. हवेतली ओल ओढून घेतं आणि सीलरखाली गंज चालूच राहतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका कॅफेच्या काउंटरला समोरून असा पत्रा केला होता. रंग अप्रतिम आला, मालक खूश, जुलैमध्ये घाईने लॅकर मारून बसवला. गणपतीपर्यंत त्यावर मसुराच्या डाळीएवढे फोड आले आणि टेकून उभं राहणाऱ्यांच्या पांढऱ्या शर्टांना डाग पडायला लागले. पत्रा काढून आणला, फोड नखाने उकरला तर आत ओलं होतं. मीठ मी धुतलंच नव्हतं, आणि पत्रा वाळला होता तो फक्त वरून. काम स्वखर्चाने पुन्हा करून दिलं.

तेव्हा रंग मनासारखा झाला की जाळी नळाच्या पाण्याने भरपूर धुवा. मग लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून ते सगळीकडे फिरवा, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. मग पुन्हा दोनदा साधं पाणी, शेवटचं आरओचं असेल तर बरं. घासू नका, नुसतं वाहू द्या. आणि नंतर पूर्ण एक दिवस कडक उन्हात. ऊन नसेल तर हीट गन, विशेषतः जाळीच्या बारीक कोपऱ्यांत. पांढरं सुती फडकं घेऊन जरा दाबून फिरवा. किंचित पिवळसर झालं तर ठीक, तांबडं झालं तर पुन्हा ब्रश करा.

याच कारणासाठी मी हे काम पावसाळ्यात घेत नाही. लोक उलट विचार करतात, पावसाळ्यात आपोआप गंजतं म्हणजे तोच हंगाम. गंजतं खरं, पण वाळत नाही, आणि न वाळलेला गंज धरत नाही. फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम.

सीलर मारायच्या आधी एक गोष्ट करून बघा. कोपऱ्यात पाण्याचं बोट फिरवा. ओला झाल्यावर जो गडद रंग दिसतो, जवळजवळ तोच सीलरनंतर कायम होणार आहे. तो फार गडद वाटला तर गंज थोडा फिकट असतानाच थांबायला हवं, म्हणून ही परीक्षा रोज संध्याकाळी करायची. घराच्या आत असेल तर मेणाचं पॉलिश सगळ्यात सुंदर, रंग कमीत कमी बदलतं. बाहेरच्या भिंतीसाठी दोन भागांचा मॅट पीयू, उन्हाला टिकणारा, तेवढं विचारून घ्या. दोन पातळ हात, गनने. ब्रशने मारलं तर गंज ओढला जाऊन पट्टे पडतात. चकचकीत पीयू घेऊ नका, गंजावर चमक आली की तो प्लॅस्टिकसारखा दिसतो. जवसाचं डबल बॉइल्ड तेलही चालतं, ऊबदार रंग येतो, पण ते वरचेवर लावावं लागतं. त्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्याच्या बादलीत टाका किंवा एकेक पसरून बाहेर वाळवा. आणि दुकानदार रस्ट कन्व्हर्टर पुढे करेल, तो घेऊ नका, त्याने गंज काळा पडतो, सगळी मेहनत जाते.

बसवताना भिंतीचा विचार करा. सीलर असला तरी पहिले एक-दोन पावसाळे थोडं तांबडं पाणी उतरतंच. खाली कोटा, संगमरवर किंवा पांढरं प्लास्टर असेल तर डाग पडतो आणि तो निघत नाही. जाळी भिंतीपासून दीड-दोन इंच पुढे स्पेसरवर घ्या, म्हणजे मागे हवा खेळते, आणि तिच्या खाली वीतभर रुंद खडीचा पट्टा टाका. मागची बाजू कोणाला दिसत नसेल तर तिकडे गंज न चढवता इपॉक्सी प्रायमर मारलेला चांगला. बोल्ट स्टेनलेसचे, खाली नायलॉनचे वॉशर. मागे फ्रेम असेल तर तिथे पत्र्यावर पत्रा चढवून जोड ठेवू नका. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं, दोन पत्र्यांच्या फटीत तो साठला की जोड फुगवून उघडतो. जोड वेल्डने पूर्ण बंद करा आणि वेल्ड घासून सपाट करा.

२ मिमी जाडी तुमच्या कामाला पुरेशी आहे. यापुढे कधी बाहेरचं काम करायचं झालं तर ३ मिमी घ्या, भिंतीवरचं वजन मात्र मोजा. कापण्याआधी तुमची शीट साधारण ३५ किलोची होती, ३ मिमीची ५२ किलोच्या पुढे जाते.

जाळीला हात लावण्याआधी लेझर कटिंगवाल्याकडून त्याच शीटचे चार-पाच तुकडे मागून घ्या. कापताना निघालेले असतात, तो देईल. वरची सगळी प्रक्रिया आधी त्यांवर करा, प्रत्येकावर फेऱ्यांची संख्या वेगळी ठेवून, आणि मागे मार्करने लिहून ठेवा. सीलर मारून ते भिंतीपाशी धरा, सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात बघा. त्यातला एक निवडला की जाळी सुरू करा. पेरॉक्साइडचं द्रावण रोज ताजं बनवा. उरलेलं बाटलीत बंद करून ठेवू नका, त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बंद बाटली फुटू शकते. भरपूर पाण्यात मिसळून मोरीत ओतून द्या.